तिसरा झगा

१

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हतं. बावीस वर्षं तिने मोठ्या दवाखान्यात, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या खोलीत काढली होती. नोकरी सुटली, पण हाक काही सुटली नाही. आता ती शहराबाहेरच्या पाणथळीकाठी, जखमी पक्ष्यांच्या केंद्रात कामाला जायची आणि तिथल्या डॉक्टरही तिला सिस्टरच म्हणायच्या.

उजाडता उजाडता ती बसमधून उतरायची, बांधावरून दहा मिनिटं चालायची आणि पिवळ्या खांबापाशी पोचली की तोंड मिटायची. खांबापलीकडे बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, खोकला आला तर कोपरात दाबायचा. मूळची ही बोलघेवडी बाई. काचेच्या पेटीतल्या दीड किलोच्या बाळालाही बाहेर ऊन पडलंय की नाही, बसमध्ये कोण कोणाशी भांडलं, सगळं सांगत बसायची. पण इथली बाळं वेगळी होती. करकोच्याची चार पिल्लं. डोळ्यांसमोर जो हलेल, जो भरवेल, त्याच्या मागे मागे जाणारी जात. त्यांना माणसाच्या आवाजाची, चेहऱ्याची सवय लागली, तर मोठेपणी माणूस दिसला की जवळ जातील. आणि सगळीच माणसं काही सिस्टर नसतात.

म्हणून झगा होता. पंपघराच्या भिंतीला तीन खुंट्या, दोन टोकांना दोन झगे. राखाडी, पायघोळ, रुंद बाह्यांचे. डोक्यावरून ओढायची टोपी, तिला चेहऱ्यापुढे बारीक जाळी. उजव्या हातात कोपरापर्यंत घालायची कापडी मान आणि तिच्या टोकाला लांब चोचीचं लाकडी डोकं. त्या चोचीने किडा उचलायचा, पिल्लापुढे धरायचा, ते गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढच्याकडे वळायचं. शिंप्याने मापं घेताना विचारलं होतं, "नाटकात भुताचं काम आहे वाटतं?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाल्या होत्या, "आईचं आहे."

पिल्लं आली होती गोणपाटातून. वनरक्षकाने एक टेंपो अडवला, त्यात भाजीच्या जुड्यांखाली हे गोणपाट होतं. आत चार पिल्लं आणि एक मोठी मादी. सगळ्यांचे पाय तंगुसाने, त्या मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याने, करकचून बांधलेले. मादीच्या तर मानेलाही दोरा होता. ती वाटेतच गेली होती. पण पंख असे पसरून गेली होती, की पिल्लं काढायला तिच्या एकेका पिसाखाली हात घालावा लागला.

"सोडत नाहीये हो," वनरक्षक पुन्हा पुन्हा म्हणत होता. चांगला मिशाळ, रांगडा गडी, पण त्याचा आवाज कापत होता. "मेलीये, पण सोडत नाहीये."

तिला डॉक्टर आणि सिस्टर दोघींनी मिळून पंपघरामागच्या मऊ मातीत पुरलं.

चौथ्या पिल्लाच्या डाव्या पायात दोरा हाडापर्यंत रुतला होता. पिल्लांना नावं द्यायची नाहीत, लळा लागतो, असा डॉक्टरांचा नियम. सिस्टर त्याला मनातल्या मनात शेंडेफळ म्हणायला लागली. मनातल्या बोलण्याला नियम लागू नव्हता.

२

पहिल्यांदा जे घडलं ते अगदीच किरकोळ होतं.

त्या सकाळी सासूबाईंची कवळी सापडेना. उशीखाली नाही, पेल्यात नाही, मोरीत नाही. शेवटी ती त्यांच्याच तोंडात सापडली, पण तोवर बस गेली होती. सिस्टर तासभर उशिरा, धापा टाकत पंपघरात शिरली. भुकेली पिल्लं एव्हाना जाळीला चोची मारत असणार, या विचाराने तिचा जीव वरखाली होत होता.

पंपघरात बोलायची सोय नसल्यामुळे भिंतीवर एक पाटी टांगलेली असे. निरोप त्यावर लिहायचा. डॉक्टरांनी लिहिलं होतं : "आज लवकर भरवलंत वाटतं. सहा वाजता पाहिलं, पोटं गच्च. छान."

सिस्टर पाटीकडे बघत राहिली. खरं म्हणजे लिहायला हवं होतं, की मी आत्ता येतेय. पण उशीर झाल्याची लाज वाटली आणि तिने खडूने खाली लिहून टाकलं : "हो."

मग झगा चढवून ती कुंपणात गेली. चारही पिल्लं गवतात अंग चोरून, डोळे अर्धवट मिटून बसली होती. गळे टम्म फुगलेले. पायांना गुडघ्यापर्यंत ओला काळा चिखल, पाणथळीच्या आतल्या भागात असतो तसला. कुंपणात तसला चिखल कुठेच नव्हता.

किड्यांचा डबा तिने काल संध्याकाळी काठोकाठ भरून ठेवला होता. तो तसाच काठोकाठ होता.

पाटीवरचा "हो" पुसावा असं दिवसभर तिच्या मनात येत होतं. पण पुसून लिहायचं काय?

३

पुढच्या आठवड्यात टेंपोवाल्याची तारीख होती. डॉक्टरांना साक्षीला दोन दिवस शहरात थांबावं लागलं आणि केंद्रावर सिस्टर एकटी राहिली.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. ती झगा घालून निघाली तर कुंपणाचं पाण्याकडचं फाटक सताड उघडं, आत एकही पिल्लू नाही. ओरडता येईना, हाक मारता येईना. ती चिखल तुडवत लव्हाळ्यापर्यंत धावली आणि थांबली.

समोर, शंभरेक पावलांवर, उथळ पाण्यातून झगा चालला होता. राखाडी, पायघोळ, डोक्यावर टोपी. मागे ओळीने चार पिल्लं, सगळ्यांत शेवटी लंगडत शेंडेफळ.

डॉक्टर लवकर आल्या, असं वाटून तिचा जीव भांड्यात पडला. हातही हलवला तिने, लाकडी चोचीचा हात. मग वाटलं, डॉक्टर तर बुटक्या, जरा गोल अंगाच्या. हा झगा उंच होता. धुक्यात वस्तू मोठ्या दिसतात, असं तिने स्वतःला समजावलं. चालणंही डॉक्टरांचं नव्हतं. डॉक्टर पाण्यातून चालल्या की डबक्यात म्हैस उतरल्यासारखा आवाज होई, त्या स्वतःच तसं म्हणायच्या. इथे पाण्याचा एक थेंबही वाजत नव्हता.

झगा थांबला. पहिलं पिल्लू पुढे आलं. चोच खाली आली, पिल्लाने काहीतरी घेतलं, गिळलं. मग दुसरं पिल्लू.

चौथं पिल्लू पुढे आलं तेव्हा सिस्टरच्या लक्षात आलं, की बाह्या दोन्ही बाजूंना नुसत्या लोंबताहेत. चोच बाहीतून येत नव्हती. वरून, टोपीतून येत होती.

ती उलट पावली पंपघरात आली. डॉक्टरांचा आखूड झगा खुंटीला होता. हात लावून पाहिलं, कोरडा खडखडीत. दुसरा तिच्या अंगावर होता. ती पायरीवर बसून राहिली, आणि तासाभराने फाटकाशी गेली तेव्हा पिल्लं आत होती, पोट भरून पेंगत होती.

दुपारी डॉक्टर परतल्या. दोघी खांबाच्या अलीकडे उभ्या राहिल्या आणि सिस्टरने सगळं सांगितलं. उशिराचं आणि पाटीवरच्या खोट्या "हो"चंही.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "रानातली मादी असेल. पिल्लं गेलेली मादी कधी कधी दुसऱ्याची पिल्लं जवळ करते. चांगलंच आहे की."

"झगा होता, डॉक्टर."

"धुकं होतं, सिस्टर."

"आणि फाटक? कडी वरून आहे. पक्ष्याने उघडली?"

"तुम्ही रात्री लावायची विसरलात."

बावीस वर्षांत सिस्टर एकदाही पेटीचं झाकण लावायची विसरली नव्हती. पण डॉक्टरांचा चेहरा दमलेला होता, टेंपोवाला जामिनावर सुटला होता, आणि विसरलो म्हणणं हेच दोघींना सोपं होतं.

"विसरले असेन," ती म्हणाली.

४

घरी सिस्टर आणि सासूबाई दोघीच. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सासूबाईंना कालचं आठवत नसे, पण जीभ शाबूत होती. दिवसभराचं साठलेलं बोलणं सिस्टर रात्रीच्या जेवणावर सांडायची आणि सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर मुकी, घरी आली की रेडिओ."

त्या दिवशी रेडिओ बंद होता. सिस्टर भात कालवून त्यांना भरवत होती. अलीकडे त्यांचे हात थरथरत.

"काय झालं गं? तोंड का एवढंसं?"

सांगू नये असं ठरवूनही तिने सांगितलं. कोणाशी तरी बोलल्यावाचून ते उतरणार नव्हतं, आणि सकाळपर्यंत सासूबाई विसरणारच होत्या.

त्यांनी घास गिळला. पुढचा येईपर्यंत विचार केला.

"त्या पोरांना आई म्हणजे काय माहीत आहे? झगा. तुम्हीच शिकवलंत ना?"

"हो."

"मग त्यांची खरी आई आली, तर तिनं काय घालून यायचं?" आणि स्वतःच्याच विनोदावर त्या खुदकन हसल्या. "तुम्ही तिची नक्कल करता, तर ती बिचारी तुमची करेल."

सिस्टरचा हात ताटावरच थांबला.

"भरव की," सासूबाई म्हणाल्या. "भूक लागलीये मला."

५

पिल्लं अंगाने भरली, मानेवर पिसं आली, तिघांना पंख फुटून ती वाऱ्यावर उड्या मारायला लागली. शेंडेफळ मात्र एका पायावर उभं राहून बघत राही. डावा पाय आत वळला होता, बोटं मिटलेली.

डॉक्टरांनी पाय हातात धरून पाहिला आणि सिस्टरला खांबाबाहेर घेऊन आल्या.

"पंधरा दिवस बघू," त्या म्हणाल्या. "धावता आलं नाही, तर त्याला उडता यायचं नाही. धावल्याशिवाय ही जात उठतच नाही."

"मग ठेवू त्याला इथे."

"पिंजऱ्यात? वीस-पंचवीस वर्षं? पाय तोवर सडेल. सिस्टर, मी असे पाय पाहिलेत." त्या पाण्याकडे बघत होत्या. "पंधराव्या दिवशी इंजेक्शन देऊ. झोपेतच जाईल."

सिस्टरने वाद घातला नाही. पेटीतल्या बाळांच्या आयांपुढे ती स्वतः किती वेळा हीच वाक्यं बोलली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास लवकर यायला लागली, त्याचा पाय चोळायला. पण प्रत्येक वेळी पाय आधीच ओला असे. थंडगार, पोटरीपर्यंत स्वच्छ धुतलेला. एकदा ती फाटकापलीकडे ठसे बघत गेली. काठाला तीन बोटांचे मोठे ठसे आणि शेजारी लहान. सुरुवातीला लहान ठशांत डावा पाय नुसता ओरखडा होता. ठसे खोल पाण्यात जात होते. बाहेर आले, तिथे डाव्या पायाचं एक बोट उमटलं होतं.

तिला लगेच उमगलं. खोल पाण्यात अंगाचं ओझं निम्मं होतं, दुखरा पाय टेकवायची भीती जाते. दवाखान्यात लुळ्या पायांच्या मुलांना असंच चालवत.

बाराव्या दिवशी तीन बोटं उमटली. पाय टेकतोय, असं तिने डॉक्टरांना सांगितलं, पण "पंधराव्या दिवशी बघू" म्हणून त्यांनी विषय तोडला.

पंधरावा दिवस सिस्टरने मनातल्या मनात तास मोजत घालवला आणि सोळाव्याला पाय ओढत केंद्रावर आली. डॉक्टर खांबापाशीच उभ्या होत्या, डोळे सुजलेले.

"इंजेक्शन देणार नाही," त्या म्हणाल्या. "पाय सुधारतोय. पाण्यात चालवत होतात ना त्याला?"

"मी नाही चालवलं, डॉक्टर."

एरवी डॉक्टरांनी लगेच धुकं काढलं असतं, वारा काढला असता. त्या दिवशी त्या नुसत्या मान हलवून आपल्या खोलीकडे निघून गेल्या.

६

त्यानंतरची एक ढगाळ सकाळ. पंपघराला एकच खिडकी, तीही वर, हातभर. आत अंधूक होतं आणि ओल्या पिसांचा वास होता. सिस्टरने सवयीने डबा उचलला, पाटी वाचली, झग्यासाठी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

खुंट्यांवर तीन झगे होते.

डावीकडे तिचा, उजवीकडे डॉक्टरांचा, मध्ये तिसरा. टोपी पुढे पडलेली, बाह्या सरळ लोंबणाऱ्या. खालच्या कडेतून पाणी ठिबकत होतं. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप.

शिंप्याने जास्तीचा शिवून पाठवला असेल, तिने विचार केला. डॉक्टरांनी धुऊन टांगला असेल. ती स्वतःला एकेक कारण देत होती आणि प्रत्येक कारण ठिबकण्याच्या दोन आवाजांच्या मध्ये संपत होतं. कारण बाकीचे दोन झगे भिंतीला चिकटून, पोट आत गेल्यासारखे लोंबत होते. मधल्याच्या पोटात कापड हळूच पुढे येत होतं आणि हळूच मागे जात होतं.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा श्वास तिने वर्षानुवर्षं काचेतून मोजला होता. नको म्हटलं तरी ती मोजायला लागली. संथ, खोल, दमलेला श्वास. रात्रभर जागलेल्या बाईचा असतो तसा.

पळावं असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं, झोपली असेल. उठेल. तिने डबा आवाज न करता खाली ठेवला. भिंतीकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे सरकली. उंबऱ्याबाहेर आली आणि बाळाच्या खोलीचं लावतात तसं दार अगदी हलक्या हाताने लोटून घेतलं.

डॉक्टरांना घेऊन ती परतली तेव्हा खुंट्यांवर दोन झगे होते. मधल्या खुंटीखाली फरशीवर पाणी साचलं होतं. डॉक्टरांनी ते पाहिलं, वर छताकडे पाहिलं. छत गळत नव्हतं.

त्यांनी कोपऱ्यातलं फडकं आणून स्वतःच्या हाताने फरशी कोरडी केली.

७

वारा फिरला. आभाळात उंचावरून करकोच्यांचे थवे जायला लागले, त्यांच्या हाका दिवसभर पाण्यावर पडत. चारही पिल्लं आता उडत होती. शेंडेफळसुद्धा, चार पावलं लंगडायचं, पाचव्याला उठायचं. पण थव्यामागे जायची नाहीत. एक घिरटी घालायची आणि फाटकापाशी उतरायची.

"झग्यासाठी येताहेत," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही आता त्यांच्यासमोर जाऊ नका."

सिस्टर तीन दिवस पंपघरात बसून दाराच्या फटीतून बघत राहिली. पिल्लं उतरायची आणि दाराकडे मान करून उभी राहायची. त्यांच्या मागे, लव्हाळ्याच्या कडेला, काहीतरी राखाडी उभं असायचं. तेही दाराकडेच तोंड करून.

तिसऱ्या दिवशी वनरक्षक आला. पलीकडच्या काठाला त्याला फास सापडले होते. नवे, तंगुसाचे. "सात काढले," तो म्हणाला. "अजून किती असतील, सांगता येत नाही. यांना लवकर जाऊ द्या बाई, नाहीतर पुन्हा गोणपाटातून आणायची वेळ येईल."

चौथ्या सकाळी सिस्टर डॉक्टरांना न विचारता बाहेर पडली. तिने ठरवलं होतं : झगा घालून जवळ जायचं, मग त्यांच्यासमोर तो अंगातून काढायचा, चेहरा दाखवायचा आणि घसा फाटेस्तोवर ओरडायचं. हातवारे करायचे, चिखल फेकायचा. माणूस म्हणजे काय ते एकदा दाखवायचं. भेदरून जातील, पण जातील तरी. या विचाराने तिला रात्रभर झोप आली नव्हती.

उजेड नुकताच पाण्यावर पसरला होता. पिल्लं तिला बघून धावत आली, तिच्याभोवती उभी राहिली. शेंडेफळाने तिच्या बाहीत डोकं खुपसलं. तिने टोपीला हात घातला.

तेव्हा लव्हाळं हललं आणि ती आली.

आवाज नव्हता. पिल्लं वाट देऊन बाजूला झाली आणि ती समोर उभी राहिली, सिस्टरपेक्षा हातभर उंच. झगा शिवलेला नव्हता. एवढ्या जवळून दिसत होतं, की त्याला शिवणच नाही, कापडासारखं जे दिसत होतं ते एकावर एक मिटलेलं होतं. सिस्टर चिखलात खाली बसली. तिला वाटलं, आता चोच डोळ्यात येणार. चार महिने हिच्या पोरांची आई म्हणून मिरवले, त्याचा हिशेब आता होणार.

टोपी खाली वाकली. चोचीच्या टोकात एक गोगलगाय होती, कवच फोडून साफ केलेली. ती सिस्टरच्या तोंडासमोर, जाळीपासून दोन बोटांवर येऊन थांबली.

सिस्टर हलली नाही. चोचही हलली नाही.

मग तिला कळलं. आयुष्यभर तिने हेच केलं होतं. पेटीतल्या बाळांना, या पिल्लांना, काल रात्री सासूबाईंना. घास पुढे धरायचा आणि समोरचा गिळेपर्यंत थांबायचं. एकजण उपाशी असताना उठायचं नाही. हिच्या हिशेबात पिल्लं चार नव्हती. शेवटचं, पंखसुद्धा नीट न फुटलेलं, रोज दाराआड लपून बसणारं पिल्लू खायचं राहिलं होतं, आणि म्हणून हिचा पाय निघत नव्हता.

सिस्टरने जाळी वर केली. डोळे मिटले. तोंड उघडलं.

गार, बुळबुळीत, चिखलाच्या चवीचं काहीतरी जिभेवर आलं. शेंडेफळाचं ऊबदार अंग तिच्या हाताला टेकलेलं होतं. तिने गिळलं.

डोळे उघडले तेव्हा टोपी अजून वाकलेलीच होती आणि आतलं जरासं दिसलं. समोर नाही, बाजूला, एकच डोळा. गोल, लालसर. त्याच्याखाली मान, आणि मानेभोवती पिसं नसलेली एक बारीक रेघ, दोऱ्याइतकी. त्या डोळ्याने तिला नीट न्याहाळलं. मग चोच तिच्या कपाळावर आली आणि चुरगळलेली टोपी तिने दोनदा, हलक्या हाताने म्हणावं तशी, सारखी केली.

सिस्टरला तोंडाशी आलेलं बोलता येत नव्हतं. नियम होता. तिने मान हलवली. जा. आता जा.

ती वळली. पाण्यावरून एक खोल, घुमणारी हाक गेली, छातीच्या पिंजऱ्यात थरथर उठवणारी, आणि पिल्लं धावायला लागली. एक उठलं, दुसरं, तिसरं. शेंडेफळ चार पावलं लंगडलं आणि पाचव्याला चिखल सुटला. पुढून पुन्हा हाक आली, आता वरून. सिस्टरने वर पाहिलं नाही. चिखलात बसून ती पंखांचा आवाज ऐकत राहिली, तो बारीक होत होत वाऱ्यात मिसळेपर्यंत.

८

डॉक्टर पंपघराच्या पायरीवर बसल्या होत्या, गळ्यात दुर्बीण. ती वापरलेली दिसत नव्हती. सिस्टर येऊन शेजारी बसली. दोघी खांबाच्या आत होत्या, पण आता गप्प राहायचं कोणासाठी?

"तुम्हाला काय दिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर समोरच बघत होत्या.

"गोगलगाय."

"कवचासकट?"

"नाही. साफ करून."

"मला बेडकाचं पिल्लू." डॉक्टरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, हातातच ठेवला. "पंधराव्या दिवशी. तुम्हाला बघायला लागू नये म्हणून मी संध्याकाळी एकटीच गेले होते, सुई भरून. त्याला मांडीवर घेतलं. पाय बरा झालेला मी पाहिलाच नव्हता तोवर, बघायचं धाडसच नव्हतं. आणि ती समोर येऊन उभी राहिली." त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून पायरीवर ठेवली. "माझ्या हातातली सुई बघितली तिनं. किती तरी वेळ. मला वाटलं, संपलं आता. आणि तिनं मला भरवलं."

वारा पंपघराच्या पत्र्यावरून गेला.

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? तुम्ही यायचं बंद केलं असतंत तर?" त्यांनी चष्मा परत घातला. "तुमचं मला समजतं. तुम्ही जीव लावला त्यांना. पण मी त्याला मारायला गेले होते, सिस्टर. मला का दिलं? तेव्हापासून तेच डोक्यात आहे."

सिस्टरने विचार केला. दवाखान्यात रात्री-अपरात्री आयांना उत्तरं देताना करायची तसा.

"तेव्हा तुम्ही रडत होतात का?"

डॉक्टरांनी हो म्हणून मान हलवली.

"मग त्यासाठीच दिलं," सिस्टर म्हणाली.